दळवीकाकांचं रोजचं तीर्थ

दळवीकाका गॅस डिटेक्टरशी बोलायचे. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात मी इंजिनिअर म्हणून रुजू झाले, त्या पहिल्याच सकाळी ते मला दिसले ते शिडीच्या चौथ्या पायरीवर. खांद्याला छोटा सिलिंडर लटकवलेला, त्याची रबरी नळी भिंतीवरच्या मुठीएवढ्या डबीच्या तोंडाला लावलेली, आणि आजारी माणसाची चौकशी करावी तशा आवाजात ते म्हणत होते, "काय देवा, जिवंत का?" नळीतून चाचणीचा गॅस सुटला. खाली पॅनेलवरचा आकडा शून्यावरून चढत गेला, भोंगा बोंबलला आणि काका वरून ओरडले, "जिवंत!" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "नवीन मॅडम ना? घ्या, लिहा. एक नंबर, जिवंत." मी पर्समध्ये पेन शोधू लागले.

या कामाला ते तीर्थ देणं म्हणत. डिटेक्टरला नाक म्हणत. अशी बावीस नाकं कारखान्यात होती आणि काका रोज सकाळी चहाच्या आधी प्रत्येकाला दोन-दोन सेकंद तीर्थ पाजून यायचे. पॅनेलवर सगळीकडे शून्य दिसत असताना हा उपद्व्याप कशाला, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि एक जुनं नाक खोलून दाखवलं. आत मोहरीपेक्षा लहान एक मणी होता. "हा सतत तापलेला असतो. गॅस आला की ह्याच्या अंगावर जळतो, हा अजून तापतो, आकडा चढतो. पण मणी मेला तर? गॅस येऊ दे, जाऊ दे, ह्याला काय नाय. आकडा शून्य. गॅस नसला तरी शून्य, मेला तरी शून्य. आता बाहेरून तुम्ही कसं ओळखणार?" मला ओळखता येणार नव्हतं. "म्हणून विचारायचं," काका म्हणाले.

मूळचे राजापूरकडचे, राहायला ठाण्यात वर्तकनगरला. खोपटहून कंपनीची बस पकडायचे आणि ड्रायव्हरच्या मागची सीट कोणाला देत नसत. अंगाने किडकिडीत, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, बोलणं फटकळ. मण्याला कशाकशाने विषबाधा होते हे त्यांना तोंडपाठ होतं आणि त्यात सिलिकॉन त्यांचा जन्माचा वैरी. एकदा एक प्लंबर सिलिकॉनची ट्यूब घेऊन शेडमध्ये शिरला, तर काकांनी त्याला दंडाला धरून गेटबाहेर काढलं. "तुझी ती पांढरी लापशी माझ्या नाकांना मारेल रे! बाहेर जाऊन काय ते चिकटव!" प्लंबर घाबरून ट्यूब तिथेच टाकून पळाला. आम्ही दिवसभर हसत होतो.

चार वर्षांनी मला बढती मिळाली आणि त्याच सुमारास इन्फ्रारेड डिटेक्टर आले. मी त्यांच्या प्रेमातच पडले. त्यांत तापणारा मणी नाही, त्यामुळे विषबाधा नाही. प्रकाशाचा एक किरण हवेतून जातो, गॅस त्यातला ठरावीक भाग गिळतो, त्यावरून आकडा. काच धुळीने मळली किंवा दिवा बिघडला तर तो स्वतः पॅनेलला कळवतो. काकांनीही त्याचं कौतुक केलं. "बरा आहे. दुखलं तर सांगतो तरी. माझी जुनी पोरं गप्प मरतात." बावीसपैकी सोळा जागी नवे बसले. हायड्रोजनच्या शेडमध्ये मात्र जुनेच सहा ठेवावे लागले, कारण इन्फ्रारेडला हायड्रोजन दिसतच नाही. आणि हायड्रोजनला वासही नाही, तेव्हा माणसाच्या नाकाचाही तिथे उपयोग नव्हता.

वरून सांगणं आलं की आता यंत्रणा आधुनिक झाली आहे, रोजच्या चाचणीत माणूस अडकवू नका. सोळा नव्यांसाठी ते बरोबरच होतं. सहा जुन्यांसाठी वेगळा नियम लिहायला मला पाच मिनिटं लागली असती. मी सरसकट पत्र काढलं, चाचणी महिन्यातून एकदा, आणि चाचणीचा सिलिंडर स्टोअरमध्ये कुलपात ठेवायला सांगितला. खाली सही माझी.

काका पत्र हातात घेऊनच आले. "मॅडम, त्या सहा जणांचं तीर्थ बंद करू नका."

"काका, पॅनेलवर स्वच्छ शून्य दिसतंय ना रोज?"

"मेलेला पण शून्यच दाखवतो. पहिल्या आठवड्यात तुम्हाला दाखवलेलं मी."

"महिन्याला करणारच आहोत. किती भाबडेपणा करायचा?"

भाबडेपणा हा शब्द त्यांना लागला. त्यांनी पत्राची घडी घातली, वरच्या खिशात ठेवली आणि सिलिंडर स्वतः नेऊन स्टोअरमध्ये जमा केला. त्यानंतर त्यांनी तो विषय माझ्याकडे काढला नाही.

त्या वर्षीची खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी सगळी यंत्रं धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून पुजायची पद्धत. काकांच्या सहा नाकांना हात लावायची कोणाची टाप नव्हती, ती पूजा त्यांचीच. मी प्रसादाला गेले तेव्हा सहाही डब्या लखलखत होत्या आणि शेडमध्ये लिंबाचा छान वास सुटला होता. "काय चमकवल्यात काका!" मी म्हटलं. ते लाजले. "स्कूटरचं पॉलिश आहे. तिला मारतो ना दर दसऱ्याला, म्हटलं ह्यांनी काय पाप केलंय?"

त्या स्प्रेच्या डब्यावर गाडीचं चित्र होतं. मागे, मुंगीएवढ्या अक्षरांत, सिलिकॉन लिहिलेलं होतं. आयुष्यभर सिलिकॉनच्या नावाने शिमगा करणाऱ्या माणसाच्या लेखी सिलिकॉन म्हणजे ट्यूबमधली पांढरी लापशी. लिंबाच्या वासाच्या फवाऱ्यातही तेच असतं हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही, आणि मी तर तो वास घेत पेढा खात उभी होते.

पुढचे अठरा दिवस पॅनेलवर सहा शून्यं होती. एकोणिसाव्या दिवशी, भर दुपारी, हायड्रोजनच्या पाइपचा एक जोड गळू लागला. नीलेश पवार नावाचा आमचा ऑपरेटर, कल्याणचा, दोन वर्षांपूर्वीच लग्न झालेला, दाब का उतरतोय ते बघायला निघाला. आत जाण्याआधी त्याने नियमाप्रमाणे पॅनेल पाहिलं. शून्य होतं. तो आत गेला आणि भडका उडाला. नवव्या दिवशी तो हॉस्पिटलमध्ये वारला.

डिटेक्टर तपासायला पाठवले, अहवाल आला की सहाही सिलिकॉनने मेलेले. काही रंगांतही सिलिकॉन असतं, म्हणून चौकशीत सगळ्यांचा रोख शेडचं रंगकाम केलेल्या कंत्राटदाराकडे होता, आणि तो तसाच राहावा अशी बऱ्याच जणांची इच्छा होती. तेवढ्यात काका उभे राहिले. "रंगाऱ्यांचं काय नाव घेताय? स्प्रे मी मारलेला. खंडेनवमीला. डबा स्कूटरच्या डिकीत आहे, आणून देतो."

चौकशी अधिकाऱ्याने विचारलं, "मग रोज तपासत नव्हतात का? दुसऱ्याच दिवशी कळलं असतं."

माझं पत्र माझ्या मांडीवरच्या फायलीत होतं. काकांची प्रत त्यांच्या वरच्या खिशात होती, घडी दिसत होती. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, आणि विनवणीनेही नाही. शिडीवरून नळी लावल्यावर ते पॅनेलकडे बघायचे तसं, आकडा चढतोय का ते बघत. दोन सेकंद. मी खाली मान घातली.

"माझ्याकडून राहून गेलं, साहेब," काका म्हणाले.

त्यांना काढलं. निवृत्तीला दोन वर्षं होती. मी नोकरीत राहिले. मेलेल्यांच्या जागी बसवलेल्या सहा नाकांची रोजची चाचणी मी दुसऱ्याच दिवशी पुन्हा सुरू केली, आणि सगळ्यांनी माझ्या तत्परतेचं कौतुक केलं. त्या कौतुकाची मला आजही शिसारी येते.

वर्तकनगरला मी वर्षातून एकदा-दोनदा जायचे. इमारतीखाली त्यांची स्कूटर उभी असायची, धुळीने माखलेली. त्यांनी ती पुन्हा कधी पुसली नाही आणि घरात खंडेनवमीची पूजाही केली नाही, हे काकूंनी सांगितलं. आम्ही गावच्या आंब्यांवर बोलायचो, त्यांच्या गुडघ्यांवर बोलायचो. दर वेळी जिना चढताना मी ठरवायचे, आज विषय काढायचा. दर वेळी चहा पिऊन परत यायचे.

शेवटी शेवटी त्यांना श्वास पुरेना. नाकाला ऑक्सिजनची नळी लावून पलंगावर उशांना टेकून बसलेले होते. काकू आत चहा टाकायला गेल्या. मी स्टुलावर बसले आणि ऑक्सिजनच्या यंत्रावरचा आकडा बघत राहिले, कारण त्यांच्याकडे बघवत नव्हतं. तेव्हा ते हळूच म्हणाले, "काय मॅडम, जिवंत का?"

गंमत केली की आणखी काही, मला कळलं नाही. मी हसले आणि म्हटलं, "काका, जास्त बोलू नका, धाप लागेल." त्यांनी मान डोलावली आणि डोळे मिटले. पाच दिवसांनी ते गेले.

तेराव्याला जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी ते पत्र घेऊन कल्याणला गेले. नीलेशच्या बायकोने दार उघडलं. मी उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. रोजची चाचणी कोणी बंद केली, काकांनी काय विनवलं होतं, सही कोणाची. तिने पत्र घेतलं, सावकाश वाचलं, माझ्या हातात परत दिलं.

"दळवीकाका दर दसऱ्याला येऊन माफी मागायचे," ती म्हणाली. "आत यायचे नाहीत, तुम्ही उभ्या आहात ना, तिथेच उभे राहायचे. एकदा जाता जाता म्हणालेले, आमच्या मॅडम येतील कधीतरी. मी विचारलं, कशाला? तर हात जोडून निघून गेले."

"सहा वर्षं लागली मला," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. मला आत या म्हणाली नाही.