चर्चासत्राचं नाव बदललं तेव्हा

कचरू भालशंकर आमच्या पाली विभागाचे विद्यार्थीही नव्हते आणि प्राध्यापकही नव्हते. खडकीच्या कारखान्यात कामगार, शिक्षण नववीपर्यंत, घर विश्रांतवाडीला. पण दर शनिवारी दुपारी विभागात ‘पाली पाठवाचन चर्चासत्र’ भरायचं, त्याला ते ऐंशी सालापासून सायकलवरून यायचे.

पहिल्या दिवशी दारातच उभे राहिले होते. म्हणाले, “वडील छप्पन साली नागपूरला दीक्षेला गेले होते. घरी रोज वंदना म्हणतो, पण सगळे शब्द कळत नाहीत. इथं बसलं तर चालेल का?”

चर्चासत्र चालवणारे गोपाळकृष्ण सर शनिवार पेठेतले. “बसा की. कळलं की आम्हालाही सांगा,” एवढंच बोलले.

कचरूभाऊंनी ते मनावर घेतलं. प्रत्येक शब्द वहीत उतरवायला लागले. पुढं एकदा सर एका शब्दाचा अर्थ सांगत असताना मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, हा शब्द एक्याऐंशी साली आला होता. तेव्हा आपण दुसरा अर्थ सांगितला होता.” सरांनी त्यांची वही मागवून पाहिली आणि म्हणाले, “तेव्हा चुकलो होतो, भालशंकर.” त्यानंतर कचरूभाऊ आल्याशिवाय सरांनी कधी वाचन सुरू केलं नाही.

सर वारले. चर्चासत्राला आम्ही पाच-सहा जण उरलो. दोन हजार तीनमध्ये नव्या विभागप्रमुख श्रद्धा केतकर बैठकीत म्हणाल्या, “पाटीवर ‘पाली’ वाचूनच लोक न थांबता पुढं जातात. नाव ‘मन आणि मॅनेजमेंट’ करू. हिंजवडीहून लोक येतील.”

मी होकाराचा हात वर केला. कचरूभाऊंनीही केला. बाहेर आल्यावर म्हणाले, “लोक आले पाहिजेत हो. आमची चैताली तिकडंच आहे, सॉफ्टवेअरमध्ये. इतक्यांदा चल म्हटलं, कधी आली नाही.”

नव्या नावाच्या पहिल्या शनिवारी सत्तर माणसं आली. त्यांत चैतालीही होती. कंपनीत ईमेल आला म्हणून चार सहकाऱ्यांबरोबर आलेली. नाव बदललेलं, त्यामुळे वडील जातात ते हेच, हे तिला ठाऊक नव्हतं. कचरूभाऊंनी तिला पाहिलं आणि माझा हात दाबला.

बाहेरून आलेल्या वक्त्यानं ओळखी करून द्यायला सांगितलं. माइक फिरत मागे आला. कचरूभाऊ उभे राहिले. “कचरू भालशंकर. निवृत्त कामगार. इथं तेवीस वर्षं येतो.”

“कचरू? सीरियसली?” चैतालीच्या शेजारचा मुलगा म्हणाला. दोघं-तिघं हसले. चैतालीनं वळून पाहिलं, वडिलांना ओळखलं आणि मान खाली घातली. तिची पाळी आली तेव्हा तिनं फक्त “चैताली” एवढंच सांगितलं. आडनाव सांगितलं नाही.

चहाच्या वेळी कचरूभाऊ मला म्हणाले, “डोकं जड झालंय, निघतो.” तिच्याकडे गेले नाहीत.

पुढचे तीन शनिवार ते आले नाहीत, म्हणून मी विश्रांतवाडीला गेलो. त्यांच्या पत्नी चंद्रभागाबाई चहा ठेवायला आत गेल्या, तेव्हा ते हळूच म्हणाले, “पोरीला तिथं अवघडल्यासारखं होऊ नये. तिला गोडी लागतेय तर लागू द्या. माझं काय, ऐकून झालंय.”

“घरी बोललात का तिच्याशी?”

“काय बोलणार?” ते म्हणाले. “दोघंही काही झालं नाही असंच वागतो.”

चैताली येते की नाही, हे त्या सत्तर जणांत मी कधी पाहिलं नव्हतं. त्याच वेळी घरी तिला विचारायला हवं होतं, पण ती अजून ऑफिसातून यायची होती. मी निघालो.

पुढच्या वर्षी कचरूभाऊ हृदयविकारानं गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो. वंदना झाल्यावर चैताली माझ्याजवळ येऊन बसली.

“काका, त्या दिवसानंतर मी परत गेलेच नाही तिकडं,” ती म्हणाली. “बाबा तिथं असणार. चारचौघांत त्यांच्याकडं कुठल्या तोंडानं बघायचं? बाबा त्यानंतरही तिकडं जात होते ना? शनिवारी दुपारी बाहेर पडायचे ते.”

कुठं जात होते, मला माहीत नाही. आमच्याकडे ते त्यानंतर एकदाही आले नव्हते, हे मात्र माहीत होतं.

मी तिच्याकडे पाहिलं आणि “हो” म्हणालो.