दातांनी ऐकणारे नाना

वामननाना इंजिन दातांनी ऐकत. लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचं, लाकडी मूठ दातांत धरायची आणि डोळे मिटून घ्यायचे. जळगावच्या आमच्या गॅरेजात गिऱ्हाइकांना ती म्हाताऱ्याची लकब वाटे. नानांचे कान गेलेत, हे फक्त मला ठाऊक होतं.

मी कोकणातून आलेला, सातवीतच शाळा सुटलेला. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. इथली बोली कळेना, तिखट सोसेना, आणि आज काढून टाकतील की उद्या, ही धास्ती. पहिल्याच दिवशी नानांनी आपल्या डब्यातली कळण्याची भाकरी माझ्यापुढे सरकवली. "खाय भो. भ्यायेल मानूसना हातमा पाना टिकस नही."

पुढे आमची एक रीत पडली. नाना कामात असले की मी त्यांच्या समोर उभा राहायचो. गॅरेजचे शेठ मागून बोलले की भुवई उडवायचो. नाना वळून, त्यांच्या ओठांवरून ओळखून, "जी, शेठ" म्हणायचे. शेठ एकदा सहज बोलून गेले होते, "इंजिन ऐकू येईना त्या माणसाला ठेवून करू काय?" धुळ्याचं घर नानांच्या या नोकरीवर चालत होतं. तेव्हापासून ते फार जपून असत.

नशिराबादच्या एका केळीवाल्या आबांनी जुनी विलायती गाडी विकत घेतली. वायरी उंदरांनी खाल्लेल्या. बॉनेटखाली पत्र्यावर एक काळी डबी, तीन स्क्रू, वरचं नाव पुसलेलं. रिले, म्हणजे विजेनं चालू-बंद होणारा स्विच, होता हे उघड, पण कशाचा? शेठ म्हणाले, कट-आऊट, डायनॅमो फिरला की तो बॅटरीला जोडणारा. दिसत तशीच होती. मी डायनॅमोच्या वायरी तिला जोडायला घेतल्या, तोच नानांनी माझं मनगट धरलं.

"थांब. पहिले तिले बोलू दे."

अनोळखी वस्तू ते थेट गाडीला कधी लावत नसत. त्यांनी डबी काढून बाकावर ठेवली, पेचकस टेकवला, मूठ दातांत धरली. मी बॅटरीची वायर टेकवली. टक्.

"बोलनी!" नाना खुलले. "कट-आऊट नही. तो डायनॅमो फिरावाबिगर जागा व्हस नही. हाई नुसती बॅटरीवर जागी व्हयनी. स्क्रू बारीक, म्हंजे स्टार्टरनी बी नही. हारननी शे!"

तशी जोडणी केली. आबांना कोण आनंद. "नाना, आता तुम्ही हात लावायचा नाही," असं समोर येऊन सांगत त्यांनी नानांना खुर्चीवर बसवलं, हातात चहाची कपबशी दिली आणि शेठजवळ, खुर्चीमागे, उभे राहिले. मी आत स्टिअरिंगपाशी बसलो. उघड्या बॉनेटमुळे नाना मला दिसेनात.

बटण दाबलं. हॉर्न असा वाजला, की समोरच्या दुकानातले लोक बाहेर आले. मी आनंदानं दाबूनच धरलं. शेवटी सोडलं, सगळं शांत झालं, आणि बशीत फुंकर घालता घालता नाना म्हणाले,

"दाब ना भो! कसानी वाट दखी ऱ्हायना?"

कोणी हसलं नाही. मी धावत बाहेर आलो, पण आता भुवई उडवून काय होणार होतं? शेठ नानांच्या पाठीकडे बघत राहिले होते.

शेठ वाईट नव्हते. त्यांनी महिनाअखेरीस नानांना धोतरजोडी दिली, आणि कायमची रजाही दिली.

धुळ्याच्या मोटारीत नाना खिडकीशी बसले. पेचकस त्यांनी मलाच दिला होता. बोलायचं पुष्कळ होतं, पण ओरडलो असतो तर ते नानांखेरीज सगळ्या स्टँडला ऐकू गेलं असतं. मी पेचकसाची मूठ मोटारीच्या पत्र्यावर हलकेच वाजवली. टक्. नानांनी आतून पत्र्यावर तळहात ठेवला. मी पुन्हा वाजवली.

"ऐकू उनं, भो," ते म्हणाले. "आते भिऊ नको."

पुढच्या थंडीत नाना गेले. धुळ्याहून आलेल्या एका ड्रायव्हरनं सांगितलं, तेव्हा माझ्यापुढे एक इंजिन चालू होतं. मी ते बंद केलं नाही. पेचकस टेकवला आणि मूठ दातांत धरली. लाकडात त्यांच्या दातांच्या खाचा होत्या. माझे दात त्यांतच बसले.