चारा वाढला

तुमच्या घरातलं मीठ संपलं तर तुम्ही काय म्हणता? 'संपलं' असं म्हणत असाल, तर तुम्ही कडूबाईच्या चुलीपाशी कधी बसलेला नाहीत. तिथं मीठ वाढायचं, पीठ वाढायचं, तेलही वाढायचं. 'संपलं' हा शब्द उच्चारला की ती वस्तू त्या घरात परत येत नाही, अशी तिची समजूत. आमच्याकडच्या सगळ्याच बायांची. मी असलं काही मानत नाही. पण या एका शब्दापायी आमची छावणी अडली, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

कडूबाईचं नावच मुळी भीतीनं ठेवलेलं. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं हिला कडू केलं, काळानं तोंडात घालून थुंकून टाकावं म्हणून. ती जगली. नवरा गेल्यावर एका म्हशीवर संसार ओढला आणि नांदूरघाटच्या वरच्या अंगाला, आमच्या गावात, बायकांची दूध सोसायटी उभी केली. चेअरमन तीच, हिशेब लिहायला मी. मीटिंगला पुढाऱ्याची बायको उशिरा आली की म्हणायची, "या बाईसाब. दुधालाबी तुमची वाट बघाया लावलं, नासलं की वो ते."

मग दुष्काळ पडला. सरकारनं ठरवलं, जिथं चारा नाही तिथं जनावरांची छावणी उघडायची आणि ती सहकारी संस्थेनं चालवायची. संस्था आमच्याकडं होती, राबणाऱ्या बायका होत्या, खंगलेली जनावरं तर दारोदार. आता फक्त गाव मंजूर व्हायचं राहिलं होतं. त्यासाठी वरून पथक पाहणीला आलं.

मोठे साहेब परमुलखातले. सोबत एक शहरी दुभाष्या. गाड्या कडूबाईच्या दारात थांबल्या. दुभाष्यानं विचारलं, "आजी, चारा किती आहे?"

तिनं डोक्यावर पदर ओढला. गोठ्यात दुभती म्हैस उभी होती.

"वाढला की, सायेब. समदा वाढला."

दुभाष्यानं ते साहेबांना सांगितलं. साहेबांनी समाधानानं मान हलवली. कडब्याच्या गंजीची जागा घरामागंच होती, उघडी, केराची काडीसुद्धा नसलेली. तिकडं कुणी वळलं नाही. मी पोचेपर्यंत धुरळा उडवत गाड्या गेल्या.

आजूबाजूच्या गावांना छावण्या मिळाल्या, आम्हाला नाही. मी तहसिलीत जाऊन टेबलावर हात आपटला. सोबत सोसायटीचा दूध-टेम्पो चालवणारा खाजामियाँ होता.

कारकून म्हणाला, "आवाज कमी करा. तुमच्याच चेअरमनबाईंनी पथकाला सांगितलंय, चारा वाढलाय म्हणून."

मला हसावं की त्याची गचांडी धरावी कळेना. खाजामियाँ पुढं झाला. "अरे साब, हमारे में शाम कू दुकान बंद करते तो 'बढ़ाया' बोलते. तो क्या सुबू उठके दुकान दो मजले की हो जाती?"

कारकुनाला ते पटलं, पण पटून उपयोग नव्हता. "बाईंना आणा. तहसीलदार साहेबांसमोर त्यांनी तोंडानं सांगू द्या, चारा संपला."

कडूबाईला हे सांगितलं तशी ती गोठ्याचं दार लोटून त्याला पाठ लावून उभी राहिली, म्हशीला ऐकू जाऊ नये अशी. "तेवढं सोडून काय बी करीन. दावणीला जित्राब आसताना कसं म्हनू मी?"

"आक्का, तुमी म्हनला न्हाई तर गावातली समदी दावण मोकळी हुईल," मी म्हणालो.

"तुला न्हाई कळायचं. तुझ्या आई-बापानं तुला चांगलं नाव ठिवलंय."

खाजामियाँ मधे बोलला. "आक्का, पाप लागलं तर माझ्या नावावर टाका. मी हाय की."

"तुझ्या नावावर जागा ऱ्हायलीय का मेल्या?" असं म्हणत तिनं चपला घातल्या.

साहेबांपुढं ती टेबलाची कड धरून उभी राहिली. "चारा... न्हाई, सायेब."

"नाही म्हणजे? आणला नाही, की संपला?"

तिनं टेबलाची कड सोडली.

"संपला," ती म्हणाली आणि तिथंच, सगळ्यांदेखत, दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या. मागं कुणीतरी फिदकन हसलं. मी वळून बघितल्यावर गप्प झालं.

छावणी मंजूर झाली. पण हुकूम येईपर्यंत कडूबाईची म्हैस बसली होती, उठवून उठत नव्हती. चाऱ्याची पहिली गाडी आली, तशी कडूबाई एक पेंढी उराशी धरून घराकडं पळाली. ती पोचायच्या आधीच म्हशीनं मान टाकली होती.

तरी पाऊस पडेपर्यंत छावणी तिनंच चालवली. दुसऱ्यांच्या जनावरांपुढं स्वतः वैरण टाकली. स्वतःच्या दावणीला मात्र पुन्हा काही बांधलं नाही. मी कितीदा म्हणालो, "आक्का, म्हस तुमच्या शब्दानं न्हाई गेली. सरकारनं उशीर केला म्हणून गेली."

"आसंल," ती म्हणायची. "पर म्हनले तर मीच."

मरेपर्यंत तिचं हेच उत्तर होतं. आता ती नाही.

धोरणं मुंबईत-दिल्लीत ठरतात म्हणे. आमचं एका उंबऱ्यावर ठरलं, एका शब्दावर. तुमच्यापैकी कुणी उद्या साहेब होऊन, दुभाष्या होऊन अशाच एखाद्या दारात उभा राहील. त्याला माझं एवढंच मागणं आहे: काही लिहायच्या आधी घराला एक वळसा घाला, गंजीची जागा आपल्या डोळ्यांनी बघा. त्या बाईच्या तोंडून वदवून घेऊ नका.