कासारणीच्या काचा

एकाहत्तर साली काष्टीच्या वाचनालयात मुलांचा विज्ञान-मेळा भरवायचा, त्यांच्याकडून शोभादर्शक करून घ्यायचे, या बेतानं मी नुसता पेटलो होतो. आत घालायला फुटक्या बांगड्या हव्यात, म्हणून तिथंच दाराशी बसणाऱ्या कासारणीला गाठलं. कुणीही समोर आलं की ही बाई चेहऱ्याआधी मनगट बघायची.

“कवा हाय मेळा?”

“शनिवारी.”

“बाजारादिवशी? आमी बाया बाजारात, अन् पोरी धाकट्यांना सांभाळीत घरी. माझी बी. निस्ती पोरंच बोलावलीस व्हय रं, दादा?”

विज्ञान सर्वांसाठी म्हणून पत्रकं वाटणारे आम्ही, आणि हे एकाच्याही डोक्यात येऊ नये!

“रविवारी घेतो! धाकटी भावंडंही येऊ देत! वाचनालयाचे सचिव नाही कसे म्हणतात, बघतोच!”

तिनं लगेच दगडावर काचांच्या धारा घासून बोथट करायला घेतल्या.

“पोरीचा हात लई कवळा हाय,” म्हणाली.