छत्तिसावा दिवस

आमच्या वरच्या आळीत लेत्काइतकी सरळ बाई दुसरी नाही, आणि तिच्याइतकी डोकं उठवणारीही नाही. रोज सकाळी आठच्या ठोक्याला ती शाळेच्या आवारातल्या पांढऱ्या पत्र्याच्या खोलीला शिडी लावते, वर चढते, हवेतली धूळ मोजणाऱ्या यंत्रातला कालचा गोल फिल्टर चिमट्याने काढते, कोरा ठेवते आणि उतरते. तेवढ्यात कोणी सिगारेट ओढत जवळून गेला, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. स्वतःच्या लग्नातही तिने अत्तर लावलं नव्हतं. मी शेजारीच उभी होते, त्यामुळे माझ्या नाकाची साक्ष आहे.

मी त्याच शाळेत शिकवते. लोखंड ओतणाऱ्या फाउंड्रीची भट्टी पेटली की खिडक्या लावायच्या, हा आमच्याकडे पहिलीतला पहिला धडा. अर्धा वर्ग खोकतो आणि उरलेला अर्धा खोकणाऱ्यांच्या नकला करतो. लेत्काने हे सगळं आकड्यांत धरलं होतं. युरोपचा नियम असा की दिवसभराच्या सरासरीत एक घनमीटर हवेत पन्नास मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त धूळ नको. वर्षातले पस्तीस दिवस माफ. छत्तिसावा दिवस भरला, की धूळ पकडणारं यंत्र बसवेपर्यंत भट्टी बंद, असं आमच्या ब्रेस्तिकच्या नगरपालिकेने फाउंड्रीकडून लिहून घेतलं होतं.

सप्टेंबर उजाडता उजाडता पस्तीस झाले. आणि नेमक्या तेव्हाच मिरच्या आल्या.

जाडजूड, गोडसर लाल मिरच्या. त्या अंगणात पत्र्याच्या चुलीवर लाकडं पेटवून भाजायच्या, सोलायच्या, वाटायच्या आणि हात मोडेस्तोवर टोपात घोटायच्या. मग त्यांचा आयवार होतो, पावावर घ्यायची चटणी, आणि आयवार नाही त्या घरात हिवाळाही पाऊल टाकायला लाजतो. बावीस अंगणं, बावीस चुली. फाउंड्रीचा मॅनेजर त्रायको हे जाणून होता. "सप्टेंबरातला धूर माझा नाही, तुमच्या आयवारचा!" असं नगरपालिकेच्या सभेत ओरडून त्याने एक ओळ वाढवून घेतली: वरच्या आळीत चुली पेटल्या तो दिवस मोजायचा नाही. झालं! तेव्हापासून गडी शनिवारीच भट्टी पेटवू लागला, कारण आमच्या चुलीही शनिवारीच पेटतात. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

बुधवारी लेत्का मला घेऊन सासूसमोर जाऊन उभी राहिली. दोंका म्हणजे आळीची अनभिषिक्त राणी. तिची चूल चाळीस वर्षं सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी पेटत आलेली, आणि सुनेच्या नोकरीबद्दल तिचं मत सगळ्या गावाला तोंडपाठ: "धूळ मोजायला पगार? माझ्या कपाटावर फुकट दाखवली असती."

"आई, या शनिवारी चूल पेटवू नका," लेत्का म्हणाली. "कुणीच नको. मंगळवारी आकडा येईपर्यंत."

"ऐंशी किलो मिरच्या आल्यात घरात. त्या काय तुझ्या यंत्रात भाजू?"

"थोडं थांबल्या तर काय होतं?"

"माझ्यासारख्या होतात. सुरकुतलेल्या."

"मी पस्तीस दिवस मोजलेत, आई. मला एकच दिवस द्या." लेत्का म्हणाली. ही बाई बाळंतपणात रडली नव्हती, तिच्या डोळ्यांत पाणी बघून मीच गडबडले.

दोंकाने एक मिरची उचलली, देठ मोडला, पुन्हा पोत्यात टाकली. "पण काय गं, आपल्या चुली मांडलेल्या दिसल्या नाहीत, तर तो मेला भट्टी पेटवेल का?"

"म्हणजे?"

"म्हणजे नाटक करायचं."

"मी खोटं बोलणार नाही हं, आई!"

"तुला कोण विचारतंय? तू आपली शिडी चढ."

तो शनिवार आठवला की मला अजून उचक्या लागतात. बावीस अंगणांत बावीस थंडगार चुली! डोक्याला रुमाल, गालाला काजळी, आणि बायका रिकाम्या टोपांत लाकडी डाव फिरवताहेत. "अगं, तळाला लागतंय!" म्हणून कोपऱ्यावरची ओरडली आणि दुसरी खरंच वाकून बघायला लागली. दहाला भट्टी पेटली. करडा धूर आळीवर असा काही उतरला, की खालून धूर निघतोय की नाही हे कुणाला कळायची सोय उरली नाही. लेत्का माझ्या घरात खिडकीकडे पाठ करून बसली होती. तिला यातलं काहीच बघायचं नव्हतं.

चारच्या सुमारास फाटकाशी साक्षात त्रायको, काखेत पाव घेऊन!

आता आमच्याकडची रीत अशी की टोप चुलीवर असताना जो दारावरून जाईल, त्याच्या पावावर गरम आयवार पडलाच पाहिजे. वैरी असला तरी. आणि आमचे टोप तर रिकामे! दोंका मात्र लगबगीने फाटकाशीच जाऊन आडवी उभी राहिली. "मास्तरीणबाई, आतला टोप आणा बरं, पाहुणे आलेत!" आणि मला डोळा मारला. मी धावत आत गेले, गेल्या वर्षीच्या आयवारची बाटली, फोडली म्हणा इतक्या घाईने, टोपात ओतली, विजेच्या शेगडीवर गरम केली आणि वाफाळता टोप घेऊन बाहेर आले.

त्रायकोने तीन काप हाणले. मिशा पुसून म्हणाला, "दोंकाबाई, गेल्या वर्षीपेक्षा कितीतरी झकास जमलाय!"

पलीकडच्या अंगणात एक बाई मिरच्यांच्या पोत्यात तोंड खुपसून हसत होती, तिला दोघींनी ओढून काढलं.

फिल्टर वजन करण्याआधी दोन दिवस कोरड्या खोलीत ठेवावा लागतो. मंगळवारी दुपारी लेत्का शाळेच्या पायरीवर आली आणि हळूच म्हणाली, "त्र्याऐंशी." आधी कुणाला कळेना की हसायचं की रडायचं. मग दोंकाने रुमाल हवेत उडवला आणि जो काही नाच सुरू झाला! हवा नापास झाली म्हणून फेर धरून नाचणारी आळी जगात आमचीच.

बुधवारी सकाळीच राजधानीहून, स्कोप्येहून, निरीक्षक आले. शाळेच्या हॉलमध्ये सगळे जमलो. त्रायको छाती पुढे काढून उठला. "तो दिवस बाद! चुली पेटल्या होत्या. मी स्वतः गरम आयवार खाल्लाय. या तोंडाने!"

आमचं हसू जागच्या जागी थिजलं. आपल्याच खड्ड्यात आपणच पडलो होतो.

"चुली पेटल्या होत्या?" निरीक्षकांनी लेत्काला विचारलं.

"नाही."

"मग गरम आयवार कुठून आला?"

लेत्काला ठाऊकच नव्हतं. तिने मान वळवून सासूकडे पाहिलं. आमच्याकडे बाईने नवरा सोडला तर लोक महिन्यात विसरतात. पण तिसऱ्या शनिवारी पाहुण्याला जुना आयवार नवा म्हणून वाढला, तर ते तिच्या नातवंडांनाही ऐकावं लागतं. मी उठणार होते, सांगणार होते की चूक माझी. दोंकाने माझा खांदा दाबून मला खाली बसवलं.

"बाटलीतला होता," ती म्हणाली. "गेल्या वर्षीचा. शेगडीवर गरम केलेला."

त्रायकोचा हात आपसूक मिशांवर गेला.

"दारच्या पाहुण्याला मी शिळं वाढलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. हवं ते बोला मला. पण माझ्या सुनेचा आकडा खरा आहे. माझ्या मिरच्या बघा जाऊन, पोत्यातच सडताहेत." मला तिचा इतका अभिमान वाटला की मी चारचौघांत नाक शिंकरलं.

निरीक्षक बावीस अंगणं फिरले. बावीस घरांत भरलेली पोती, कोरी लाकडं, राखेचा कण नाही. दुपारी सही झाली, आणि संध्याकाळी भट्टी थंड.

गुरुवारी आम्ही चुली पेटवल्या. निम्म्या मिरच्या गटारात गेल्या, उरलेल्यांचा आयवार पातळ झाला, पण गाणी अशी म्हटली की शेजारच्या गावातून माणसं आली. पहिला टोप उतरताच दोंका तो फडक्यांनी धरून त्रायकोच्या दारात गेली आणि त्याने चार काप संपवेपर्यंत हलली नाही.

रविवारी लेत्काने गुरुवारचा फिल्टर तोलला.

"एकसष्ट," ती म्हणाली. "फाउंड्रीला हा मोजायचा नाही. माझ्या वहीत मात्र सदतिसावा दिवस."

"हा आपलाच ना?" दोंकाने विचारलं. "लिहिलास?"

"लिहिला."

दोंकाने तो तपकिरी गोल कागद चष्मा लावून पाहिला. "आणि हे सगळं या पोरांच्या छातीत जातं?"

"हो, आई."

सोमवारी मी पहिलीचा वर्ग घेत होते, तर बाहेर पत्रा फरफटल्याचा कर्कश आवाज. खिडकी उघडून पाहिलं. दोंका आपली चाळीस वर्षांची चूल दोरीने ओढत शाळेपासून लांब, नदीपलीकडे नेत होती, सुनेला, यंत्राला आणि सगळ्या युरोपला शिव्या घालत, आणि लेत्का मागून ढकलत होती.