आधी पोर आणा

नोकरीतली कितीतरी प्रकरणं विसरलो, पण ती घटना आजही आठवते, आणि आधी आठवतात त्या वॉर्डातल्या सिस्टर. नव्वदचं दशक सरत आलं होतं. नाशिकमध्ये मी उपनिरीक्षक होतो. रुग्णालयातल्या आमच्या पोलीस चौकीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि कायम गार झालेला चहा. तरी काय दिवस होते ते!

दिंडोरीकडची एक तरुण सून हात मोडून दाखल झाली होती. ‘ओट्यावरून पडले’ असा जबाब तिने दिला, मी लिहून घेतला. सासू उशाशीच बसून होती. दुसऱ्या दिवशी सिस्टरांचा निरोप आला, म्हणून वॉर्डात गेलो.

“साहेब, सासू हिची वेणी कुणाला घालू देत नाही. स्वतःच घालते,” त्या म्हणाल्या. “सासवा डबा आणतात, फळं आणतात. सुनेची फणी हातात घेतलेली मी तरी पाहिली नाही. आज सासूला औषधं आणायला पिटाळलं आणि मीच विंचरायला बसले. मागचे केस मुळापासून उपटलेत हो!”

मी लगेच नवा जबाब घ्यायला निघालो, तर सिस्टर आडव्या आल्या. “थांबा. तिची लहान मुलगी सासरी आहे. बोललीस तर पोरीचं तोंड दिसणार नाही, असा दम दिलाय. आधी पोर आणा.”

पोलिसाला कुणी असं अडवलेलं मला मुळीच खपत नसे. पण बाईंचं म्हणणं खरं होतं. सुनेच्या भावाला माहेरून, पेठहून बोलावलं, सोबत महिला शिपाई देऊन दिंडोरीकडे पाठवलं. मुलगी आईच्या कुशीत शिरली आणि मग सून बोलली. “हे केस धरून फरफटायचे, साहेब. सासू दार लावून घ्यायची.”

ठाण्यात नवरा म्हणाला, “द्राक्षांची छाटणी चालू हाय साहेब, मी मळ्यात व्हतो.”

“पडल्यावर हात मोडतो, केस उपटून येत नाहीत,” मी म्हणालो. शेवटी तो कबूल झाला. मायलेकांवर छळाचा गुन्हा दाखल केला.

“तुम्हाला त्रास नाही होत?” मी सिस्टरांना विचारलं.

“होतो की. घरी गेल्यावर घास उतरत नाही. आणि बरी करून पाठवलेली बाई त्याच घरातून परत आली, की फार राग येतो. कधीकधी तिचाही येतो, मग स्वतःचीच लाज वाटते.”

बाई गप्प असली, तर तिचं काय ओलीस आहे ते आधी बघावं, हे मी तिथे शिकलो. पुढे अशा प्रत्येक प्रकरणात मी आधी सिस्टरांना गाठायचो.

सुनेला रुग्णालयातून सुट्टी मिळाली, तेव्हा भावाच्या कडेवर मुलगी होती. सून सवयीने म्हणाली, “येते सिस्टर.”

“येते नाही!” सिस्टर जवळजवळ ओरडल्याच. “इथून निघताना जाते म्हणायचं.”

ती गोंधळली. घरात ‘जाते’ म्हटलं की थोरामोठ्यांची बोलणी बसतात. मग हसली, पहिल्यांदाच.

“जाते,” ती म्हणाली.