थिएटरच्या दारातला मेंढा

बिराप्पाने तिसरी बादली ओतली, तरी मेंढा हलेना.

एप्रिलचं ऊन होतं. मेंढ्याला आंघोळ आवडली असावी. तो ऑपरेशन थिएटरच्या दाराला बांधलेला होता. शेजारी स्ट्रेचरवर जतहून आणलेली बिराप्पाची बायको. पोटात मूल आडवं. असं मूल आपोआप बाहेर येत नाही, पोट उघडून काढावं लागतं. उशीर झाला तर दोघंही जातात.

सत्तरच्या दशकात सांगलीकडच्या एका लहान मिशन हॉस्पिटलात मी थिएटर सिस्टर होते. हत्यारं मोजायची आणि कन्सेंट, म्हणजे ऑपरेशनला संमतीचा कागद, घ्यायचा. पोट बाईचं, अंगठा नवऱ्याचा. तेव्हा तसंच चालायचं. आणि नवरा अंगठा देईना.

"देवीला नवसाचा मेंढा बोललोय, सिस्टरबाई. बायकूचं रगत सांडायच्या आधी ह्याचं सांडाय पायजे. जिवाला जीव."

"मग मागच्या माळावर न्या की."

"पर पाणी टाकल्यावर त्यानं अंग झाडाय पायजे. तवाच कळतं, देवीनं घेतला. ह्यो थरथरंना. देवी न्हाई म्हणतीया."

डॉक्टरीणबाई ग्लोव्ह्ज घातलेले हात वर धरून दारात आल्या. "सिस्टर, अर्धा तास. फार तर." मग मेंढ्याकडे बघून म्हणाल्या, "बर्फ ठेवून पाहिलात?"

मी लसींच्या फ्रिजमधला बर्फ आणून त्याच्या पाठीवर ठेवला. मेंढ्याने मान वळवून तो चाटला.

त्या दिवशी गुड फ्रायडे. चॅपलमधली तीन तासांची उपासना आटपून पाळकसाहेब पांढऱ्या झग्यातच आले. शोकगीतं गाऊन घसा बसलेला; ती थिएटरपर्यंत ऐकू येत होती. मी दोन वाक्यांत केस सांगितली.

ते म्हणाले, "बिराप्पा, जिवाला जीव आम्हीही मानतो. पण तो देऊन झालाय. देवानं स्वतःचा मुलगा दिला. सगळ्यांच्या पापांसाठी, एकदाच. आता मेंढा लागत नाही."

"आमच्यासाठी बी? जतच्या?"

"जतच्याही."

बिराप्पा उकिडवा बसला. "त्यो थरथरला व्हता?"

मला वाटलं, अडकले पाळक. पण ते म्हणाले, "थरथरला. धरून नेण्याआधी, बागेत. रक्तासारखा घाम गळत होता. हे टळू दे म्हणाला. मग म्हणाला, तुझ्या मनासारखं होऊ दे."

"आन् देवानं घेतला कशावरनं?"

"तिसऱ्या दिवशी थडग्यातून जिवंत उठवला. हाच कौल."

"मेला कवा?"

"शुक्रवारी."

बिराप्पाने बोटं मोजली. "म्हंजे आज. मग रविवारी उठला की देतो अंगठा."

मी घड्याळाकडे पाहिलं. "अहो, तो कधीच उठलाय! एकोणीसशे वर्षं झाली. आम्ही दरवर्षी आठवण करतो फक्त."

"म्हंजे आज मेलेला न्हाई?"

"नाही."

"जित्ता हाय?"

"आहे," पाळक म्हणाले.

"मग मघाधरनं तकडं रडताय कशापायी?"

मी शाईचा पॅड पुढे केला. "घेतला म्हणायचा देवानं," म्हणत बिराप्पाने अंगठा उठवला.

शाई वाळायच्या आत मेंढ्याने शिंगापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं. पाळकांचा झगा भिजला, कागदावरही शिंतोडे उडाले. बिराप्पाचा हात कमरेच्या सुरीवर गेला.

"दिला कौल," तो म्हणाला. मग सुरीवरचा हात काढला. "पर आता काय उपेग? ह्याच्या आधीच कुणी जाऊन आलाय म्हणं." त्याने मेंढ्याची दोरी सोडली.

आम्ही स्ट्रेचर आत घेतलं. मुलगी झाली. आईचं रक्त बरंच गेलं, पण वाचली.

रविवारी ईस्टरच्या उपासनेत मेंढा चॅपलमध्ये शिरला आणि वेदीवरची फुलं खाऊ लागला. पाळक थांबले. दारातून बिराप्पा म्हणाला, "खाऊ द्या की सायेब. जित्ता हाय म्हणून खातोय." त्या वर्षीचं प्रवचन तेवढ्यावरच संपलं.

बिराप्पा ख्रिस्ती झाला नाही. पुढच्या बाळंतपणाला आला तेव्हा मी मेंढ्याची चौकशी केली. म्हातारा झालाय, ऐकत नाही, म्हणाला.

त्यानंतर मी कन्सेंट नेहमी गेटवरच घेतला. आणि कागद पुढे करण्याआधी विचारायचे, कुणा देवाला काही बोललायत का, आणि बोलला असाल तर ते बाहेर कुठं बांधलंय.